‘ही बॅग तुम्हीच भरलीत का?’ : वाचकांचे प्रश्न

परदेशप्रवासासंबंधी या वेळी आलेल्या पत्रांचा रोख बहुतेक करून विमान सुटण्यापूर्वी होणाऱ्या चौकशीकडे आहे. कोकणातून आंतरराष्ट्रीय विमानासाठी निघालेला माणूस रात्रभर गाडीत बसून मुंबईला किंवा गोव्यातल्या मोपा विमानतळावर पोहोचलेला असतो, गणवेशातल्या माणसाने खासगी प्रश्न विचारावेत याची त्याला सवय नसते, आणि मग साध्या प्रश्नालाही तो आरोप समजून उत्तर देऊ लागतो. निवडक पत्रे थोडक्यात दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेवरून त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही अलिबागचे. आमच्या शेजारचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, एक कुटुंब माझ्या लहानपणी इस्रायलला गेले. पत्रव्यवहार मात्र कधी तुटला नाही. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण आले म्हणून मी आणि माझे पती निघालो. मुंबई विमानतळावर सामान देण्यापूर्वीच सुरक्षा कर्मचाऱ्यांनी आम्हा दोघांना वेगवेगळे उभे केले आणि बराच वेळ प्रश्न विचारले. ही ओळख कुठली, बॅग कोणी भरली, एवढे पोहे कशासाठी नेता, असे काहीही. मी ओळख शेजारची सांगितली, पतींनी शाळेतली सांगितली, आणि त्यावरून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. आम्ही दोघेही साठी ओलांडलेली माणसे. आमच्यात संशय घेण्याजोगे काय दिसले? अशा वेळी उत्तर देण्यास नकार देता येतो का?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : तुमच्यात काही वावगे दिसले म्हणून हे प्रश्न विचारले गेले, असे मनात ठेवू नका. इस्रायलला जाणाऱ्या प्रवाशांची अशी चौकशी ही तिथल्या सुरक्षाव्यवस्थेची जुनी रीत आहे. प्रवासी स्वतः पूर्ण निर्दोष असला, तरी त्याच्या नकळत त्याच्या सामानात दुसऱ्या कोणी काही ठेवलेले असू शकते, या गृहीतकावर ती उभी आहे.

हे गृहीतक हवेतून आलेले नाही. १७ एप्रिल १९८६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तेल अवीवच्या विमानात बसण्यासाठी एक गरोदर आयरिश तरुणी आली होती. तिच्या जॉर्डेनियन प्रियकराने लग्नाचे वचन देऊन तिला पुढे पाठवले होते, आपण मागाहून वेगळ्या विमानाने येतो असे सांगितले होते, आणि प्रवासाची बॅगही त्यानेच आणून दिली होती. विमानतळाच्या नेहमीच्या तपासणीतून ती बॅग बिनबोभाट पार झाली. विमानाच्या दारापाशी मात्र इस्रायली सुरक्षा अधिकाऱ्याने तिला एकटीने का चाललीस, कोणाकडे उतरणार, बॅग कोणाची, असे विचारायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरे जुळेनात. बॅग रिकामी केल्यावरही ती हाताला जड लागत होती. तळाच्या चोरकप्प्यात सुमारे दीड किलो सेमटेक्स ही स्फोटके निघाली, आणि ती उडवण्याची यंत्रणा तिच्याच सामानातल्या साध्या कॅल्क्युलेटरमध्ये बसवलेली होती. त्या विमानातून सुमारे पावणेचारशे माणसे जाणार होती. आपण काय घेऊन चाललो आहोत याची त्या तरुणीला कल्पनाही नव्हती. तिच्या प्रियकराला ब्रिटिश न्यायालयाने ४५ वर्षांची शिक्षा दिली.

त्याच्या आदल्याच वर्षी, २३ जून १९८५ रोजी, एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे गेली. त्या स्फोटाची बॅग व्हँकूव्हरला ज्या प्रवाशाच्या नावाने दिली गेली, तो प्रवासी विमानात चढलाच नव्हता. बॅग कोणाची, ती कोणी भरली, भरल्यापासून ती कोणाच्या नजरेआड होती का आणि कोणी काही पोहोचवायला दिले आहे का, हे प्रश्न आज अनेक विमानतळांवर विचारले जातात, ते या दोन घटनांच्या पार्श्वभूमीवर. यंत्राला बॅगेतली वस्तू दिसते, ती तिथे कशी आली हे दिसत नाही. ते प्रवाशालाच विचारावे लागते.

दोघांना वेगळे का उभे केले, याचेही उत्तर यातच आहे. एकत्र प्रवास करणारी माणसे एकमेकांसमोर एकमेकांची उत्तरे दुरुस्त करतात, आणि मग त्या उत्तरांचा उपयोग राहत नाही. तुम्ही ओळख शेजारची सांगितली, पतींनी शाळेतली सांगितली. अलिबागच्या माणसाला यात विसंगती वाटणार नाही, कारण इस्रायल आळीतली मुले आणि आजूबाजूची मुले एकाच शाळेत जात होती हे आपल्याकडे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. परंतु समोरच्या पंचविशीतल्या कर्मचाऱ्याला कोकणातल्या ‘शनिवार तेल्यां’चा, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या ज्यूंचा, इतिहास ठाऊक असेल, किंवा पोहे, ओले खोबरे आणि फळांचा मलिदा करून एलियाहू हनाबी या प्रेषिताचे नाव घेतात हे त्याने ऐकले असेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. हिंदू नावाचे वयस्कर दांपत्य, इस्रायलमधल्या लग्नघरी, पिशवीभर पोहे घेऊन चालले आहे, ही त्याच्या दृष्टीने उलगडायला हवी अशीच गोष्ट होती. ती उलगडेपर्यंत तो विचारत राहिला. त्याने आपले काम नीट केले, असेच माझे मत आहे.

अशा चौकशीत उत्तर पाठ केलेले आहे की आठवून दिलेले आहे, याकडे विचारणाऱ्याचे कान असतात. खरोखरची ओळख असलेल्या माणसाला मैत्रिणीच्या घराचे दार कुठल्या बाजूला होते, तिची आई काय म्हणून हाक मारत असे, शेवटचा फोन कधी झाला, हे विचारले तर तो क्षणभर थांबतो, काही सांगतो, काही विसरलेले असते. उसनी गोष्ट सांगणाऱ्याला पहिली दोन वाक्ये चांगली येतात आणि तिसऱ्या प्रश्नावर काही उरत नाही. म्हणून घरून पतिपत्नींनी बसून उत्तरे जुळवून नेण्याचा खटाटोप करू नये. त्यापेक्षा लग्नपत्रिका, यजमानांचा पत्ता, त्या वेळी उचलला जाईल असा त्यांचा फोन क्रमांक आणि मोबाइलमधले दोनचार जुने फोटो हाताशी ठेवावेत. तुमच्याकडे काळ्यापांढऱ्या काळातला आळीतला एखादा फोटो असेल, तर तो दाखवल्यावर चौकशी बरीच लवकर आटोपली असती.

नकाराविषयी. विमानकंपनीच्या कर्मचाऱ्याला उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही, परंतु उत्तर न देणाऱ्याला विमानात न घेण्याचा निर्णय विमानकंपनी घेऊ शकते, आणि अशा विमानांच्या बाबतीत ती तो घेईलच. तुम्ही बसायला खुर्ची मागू शकता, पाणी मागू शकता, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगू शकता. स्त्रियांची अंगझडती स्त्री कर्मचाऱ्यानेच, आडोशाला घ्यायची असते. कोणी आवाज चढवला, धर्मावरून किंवा कपड्यांवरून टोमणा मारला, तर त्याचे नाव, वेळ आणि काउंटर लिहून घेऊन लेखी तक्रार जरूर करावी. प्रश्न विचारणे हा अपमान नाही, पण अपमानकारक रीतीने विचारणे हा नक्कीच अपमान आहे.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी शारजाला जायचे आहे. बरोबर डिंकाचे लाडू, मालवणी मसाला, कुळथाचे पीठ, सुके खोबरे, कोकमाचे आगळ आणि फणसपोळी न्यायची आहे. यांपैकी कशावरून अडवतात? शिवाय गावातल्या एका घरून त्यांच्या तिकडच्या मुलाला देण्यासाठी एक शिवलेले पार्सल आले आहे. नाही म्हणणे अवघड आहे. ‘कोणी काही दिले आहे का’ असे विचारले तर काय सांगावे?
(एक वाचक, सावंतवाडी तालुका)

उत्तर : तुमच्या यादीतला सर्वांत मोठा धोका तुम्ही लिहिलेलाच नाही. तो आहे खसखस. आपल्याकडे मालवणी मसाल्यात खसखस भाजून घालतात, डिंकाच्या लाडवातही ती असतेच. शारजासह सगळ्या संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखस अंमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे, आणि ती बाळगल्याबद्दल प्रवाशांना तिथे अटक झालेली आहे. मुंबईत किंवा मोपाला कोणी काही बोलले नाही म्हणून ती तिकडे चालते असे होत नाही. त्यामुळे लेकीसाठीचा मसाला या खेपेला खसखशीविना कुटून घ्या, लाडूही तसेच करा. विकतचा मसाला असेल तर पाकिटावरचे घटक वाचा, आणि घरगुती मसाला विकणाऱ्या बाईंकडून घेतला असेल तर त्यांना स्पष्ट विचारा.

औषधांनाही हीच गोष्ट लागू आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत आणि त्या नेण्यासाठी तिथल्या सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात, आपल्याला लागतील तेवढीच न्यावीत. पट्ट्या कापून डबीत भरलेल्या सुट्या गोळ्या नेऊ नयेत.

सुक्या खोबऱ्याचे कारण वेगळे आहे. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते, आणि हवा लागून, विशेषतः दमट असताना, ते आपोआप तापू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय धोकादायक मालाच्या वर्गीकरणात ‘आपोआप पेट घेऊ शकणारे पदार्थ’ या वर्गात त्याला जागा दिलेली आहे, आणि विमानातून अशा वाट्या नेऊ देत नाहीत, हातातही नाहीत आणि चेक-इन सामानातही नाहीत. नारळाच्या देशात जन्म काढलेल्या माणसाला हे ऐकून हसू येते, पण काउंटरवर हुज्जत घालून उपयोग नाही. लाडवात भाजून घातलेल्या किसाला सहसा हरकत घेत नाहीत.

आगळाची बाटली चेक-इन बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दुहेरी पिशवीत. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला कुठलाही द्रवपदार्थ इथून निघणाऱ्या आंतरराष्ट्रीय विमानात चालत नाही, बाटली अर्धी रिकामी असली तरीही. २००६ साली लंडनहून सुटणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आला, तेव्हापासून हा नियम जगभर पसरला. मसाला, पीठ, लोणचे हेही चेक-इनमध्येच टाकावे. एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळे दिसतात आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. स्फोटकेही बहुतांशी सेंद्रियच असल्यामुळे तीही नारिंगीच दिसतात. घट्ट दाबून भरलेले कुळथाचे पीठ, एकावर एक रचलेली फणसपोळी आणि लाडवांचा डबा हे शेजारी शेजारी ठेवले, तर पडद्यावर एक मोठा, दाट, नारिंगी ठोकळा दिसतो आणि बॅग उघडायला बोलावणे येते. हे पदार्थ बॅगेत पांगवून ठेवा, डबे सहज उघडता येतील असे ठेवा, आणि विचारले तर पदार्थ काय आहे ते साध्या शब्दांत सांगा: डाळीचे पीठ, फळाची वडी. त्यावर पाककृती सांगत बसू नये.

आता पार्सल. आपल्या गावांतून आखातात माणसे जाऊ लागली तेव्हापासून जाणाऱ्याच्या हाती काहीतरी देण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली पद्धत आहे. सुकट, आंबोशी, आईच्या हातचे लोणचे तिकडच्या खोलीत पोहोचते, ते कुरिअरमुळे नव्हे. तरीही शिवलेले पार्सल न उघडता नेऊ नका, ते सख्ख्या नात्यातून आलेले असले तरी नेऊ नका. २०१९ साली मुंबईचे एक तरुण दांपत्य कतारला गेले, तेव्हा नात्यातल्या बाईंनी दिलेल्या पाकिटात दोहा विमानतळावर सुमारे चार किलो चरस सापडले. आपल्याला ते तंबाखूचे पाकीट वाटले होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, पत्नीची प्रसूती तुरुंगात झाली, आणि भारतातल्या तपास यंत्रणांनी खरे सूत्रधार शोधून पुरावे पाठवल्यानंतर २०२१ मध्ये ती दोघे सुटून आली. इतके भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

शेजाऱ्यांकडे जाऊन सांगा की विमानतळावर बॅग उघडायला लावतात, शिवण तिथे कापण्यापेक्षा घरीच कापू आणि मीच नीट भरून घेते. सज्जन माणूस याला राग मानत नाही. त्यांच्यासमोर एकेक वस्तू बाहेर काढा, पाहा, मोबाइलवर फोटो काढा आणि मग स्वतःच्या हाताने बॅगेत भरा. बंद डबा, सीलबंद बाटली, वेष्टन नसलेली औषधे, शिवलेली उशी यांना तिथेच नकार द्या. एवढे करून नेलेल्या वस्तूंबद्दल विमानतळावर विचारले तर खरे सांगायचे: ‘हो, शेजाऱ्यांनी मुलासाठी खाण्याचे पदार्थ दिले आहेत, मी स्वतः उघडून पाहिले आहेत, या बॅगेत आहेत.’ फार तर बॅग उघडून पाहतील. ‘नाही’ म्हणालात आणि आत दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी निघाली, तर तुमच्या पुढच्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास ठेवला जाणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा प्रथमच बोटीवर जात आहे. एजंट म्हणतो की दुबईपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जायचे, तिथे जहाज मिळेल, आणि इमिग्रेशनला कोणी विचारले तर ‘फिरायला चाललो’ असे सांगायचे. मुलगा म्हणतो, सगळे असेच जातात.
(एक माता, दापोली तालुका)

उत्तर : सगळे असे जात नाहीत, आणि तुमच्या मुलानेही जाऊ नये. या सल्ल्यातच एजंटाची ओळख पटते.

विमानतळावर प्रश्न विचारणारे वेगवेगळ्या खात्यांचे लोक असतात, आणि ते एकाच कारणासाठी विचारत नाहीत, हे मुलाला आधी समजावून सांगा. विमानकंपनीचा माणूस व्हिसा पाहतो. इमिग्रेशनचा अधिकारी केंद्रीय गृहखात्याचा असतो आणि तुम्ही कशासाठी देश सोडता हे पाहतो. सोने, चलन आणि माल यांची चौकशी कस्टम्सची. अंगाची आणि हातातल्या बॅगेची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे जवान करतात. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला पळवून नेले गेले, त्यानंतर २००० सालापासून हे दल विमानतळांवर आले. यांपैकी इमिग्रेशनपुढे सांगितलेले खोटे सर्वांत महाग पडते, कारण तिथून माणसाला थेट परत पाठवतात आणि त्याची नोंद राहते.

खलाशी म्हणून जाणाऱ्या मुलाकडे सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक असते, इंडॉस हा भारतीय खलाशांच्या नोंदणीचा क्रमांक असतो, कंपनीशी झालेला करार असतो, आणि जॉइनिंग लेटरवर जहाजाचे नाव, त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांक (जहाजाचा ओळख क्रमांक) आणि ते कुठल्या बंदरात पकडायचे हे लिहिलेले असते. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि ती पाहायला एजंटाची परवानगी लागत नाही. नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास बंदी आहे. तुमच्याकडून किती मागितले हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मागितले असतील तर तेवढ्यावरूनही काय ते समजावे.

‘फिरायला चाललो’ म्हणणाऱ्या मुलाच्या बॅगेत बॉयलर सूट आणि पोलादी टोकाचे सेफ्टी शूज असतात, मोबाइलमध्ये एजंटाचे संदेश असतात, हॉटेलचे नाव विचारले तर तो खाली पाहतो. अधिकाऱ्याने अशी मुले पुष्कळ पाहिलेली असतात. थायलंडच्या मार्गाने म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतीय तरुणांना नेऊन डांबल्याची प्रकरणे अलीकडे उघड झाल्यापासून, एकट्याने पर्यटक म्हणून निघालेल्या तरुणांना जास्तच विचारतात. त्या प्रश्नामुळे मुलगा अडला, तर ते त्याच्या हिताचेच झाले असे धरून चाला.

जहाजाऐवजी जमिनीवरची नोकरी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टावर साधारणपणे ईसीआरची (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) नोंद असते, आणि आखातातल्या देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्यांना १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते. सीडीसीधारक खलाशांना यातून सूट आहे. ती सूट खऱ्या कागदपत्रांवर मिळते, टुरिस्ट व्हिसावर नाही.

प्रश्न : मी राजापूरचा, कतारला नोकरीला. दर खेपेला मुंबईत इमिग्रेशनला मला बाजूला बसवतात, कोणीतरी येऊन माझे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख पुन्हा विचारतो आणि मग सोडतात. कारण सांगत नाहीत. बरोबरचे दुसऱ्या धर्माचे सहकारी सरळ निघून जातात.
(एक वाचक, राजापूर)

उत्तर : तुम्ही सांगता त्यावरून बहुधा नाव जुळण्याचा प्रकार दिसतो. तपास यंत्रणा, न्यायालये वगैरेंच्या सांगण्यावरून काढलेल्या लुक आउट सर्क्युलरमधली, म्हणजे अमुक माणूस दिसल्यास अडवा किंवा कळवा अशा सूचनांमधली, नावे इमिग्रेशनच्या संगणकावर असतात, आणि त्यातल्या एखाद्याशी नाव व जन्मवर्ष मिळतेजुळते असले की अधिकाऱ्याला खातरजमा केल्याशिवाय पुढे सोडता येत नाही. आपल्याकडच्या मुस्लिम कुटुंबांत काही नावे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असल्यामुळे अशी जुळणी वारंवार होते. हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, नावाकडे पाहून अधिक विचारणारे अधिकारीही असतात, आणि सगळा दोष संगणकावर ढकलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

करण्यासारखे काय आहे? पासपोर्टात स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव असू द्या, म्हणजे दुसऱ्या माणसापासून तुम्हाला वेगळे करणे सोपे जाते. (एकच नाव असलेल्या पासपोर्टांवर संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून भेटीच्या व्हिसाला मनाई केली, तेव्हाही आपल्या भागातल्या अनेकांची अडचण झाली असणार.) जुने, रद्द झालेले पासपोर्ट आणि कतारचे निवासपत्र बरोबर ठेवा. वर्षानुवर्षांचे जाण्यायेण्याचे शिक्के हा चांगला पुरावा असतो. पुढच्या खेपेला शांतपणे विचारा, ‘नाव कोणाशी जुळते आहे का?’ पुष्कळदा एवढे तरी सांगतात. त्यानंतर ब्यूरो ऑफ इमिग्रेशनकडे प्रवासाच्या तारखा आणि पासपोर्टाची प्रत जोडून लेखी निवेदन द्या, आणि त्याची पोच बरोबर बाळगा. अमेरिकेने अशा प्रवाशांसाठी तक्रारीची स्वतंत्र व्यवस्था केली आहे. तीत एक निवारण क्रमांक मिळतो आणि तो तिकीट काढतानाच नोंदवता येतो. आपल्याकडेही तशी सोय व्हायला हवी. तोपर्यंत विमानतळावर तासभर आधी पोहोचण्याचा भुर्दंड तुमच्यावर पडतो, आणि तो अन्यायकारक आहे.

प्रश्न : माझी आई मालवणहून एकटीच अमेरिकेला भावाकडे जाणार आहे. तिला मराठी आणि थोडे हिंदी येते. विमानात बसण्यापूर्वी इंग्रजीत प्रश्न विचारले तर ती घाबरेल. गुडघ्यात सांधाही बसवलेला आहे.
(एक वाचक, मालवण)

उत्तर : अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांच्या प्रवाशांना २०१७ च्या ऑक्टोबरपासून छोटी सुरक्षा मुलाखत द्यावी लागते. मुंबईहून जाणाऱ्या विमानावर प्रश्न विचारणाऱ्यांत मराठी किंवा हिंदी बोलणारे कोणी ना कोणी असतेच, तेव्हा आईंनी पहिल्याच वाक्याला ‘मराठीत विचारा’ असे म्हणावे. घाबरलेली माणसे न कळलेल्या प्रश्नाला मान डोलावून ‘यस, यस’ म्हणतात, आणि प्रश्न असतो ‘दुसऱ्या कोणी तुमची बॅग भरली का?’ हे मात्र टाळायला हवे. बॅग भरताना आईंना शेजारी बसवा, शक्य तर त्यांच्याच हाताने भरून घ्या, म्हणजे ‘मीच भरली’ हे उत्तर खरे असेल. सूनबाईंसाठी काही तळाला परस्पर टाकून ठेवू नका.

गुडघ्याच्या सांध्यामुळे धातुशोधक यंत्र वाजेल. तसे आधीच हात लावून सांगावे, शस्त्रक्रियेचा कागद असल्यास दाखवावा. बोर्डिंग पासवर इंग्रजी ‘एस’ हे अक्षर चार वेळा छापून आले, तर अधिक तपासणीसाठी निवड झाली आहे एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा हात आणि बॅग एका पट्टीने पुसून ती पट्टी यंत्रात घालतात. ग्लिसरीन असलेले हातापायाचे मलम किंवा बागेत हाताळलेले खत यांचे अंशही ते यंत्र कधी कधी पकडते, म्हणून निघण्याच्या दिवशी आंब्याच्या कलमांना खत घालण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नका आणि मलम लावले असेल तर तसे सांगायला सांगा. अमेरिकेच्या विमानात सुमारे ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक भुकटी हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, तेव्हा कुळथाची पिठी मोठ्या बॅगेत.

व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. ती ढकलणारा मदतनीस इमिग्रेशनपासून विमानाच्या दारापर्यंत बरोबर असतो आणि बहुतेक वेळा मराठी समजतो. एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत भावाचे नाव, पत्ता, फोन, परतीची तारीख आणि रोजची औषधे लिहून तो पासपोर्टात ठेवा. भावाला त्या रात्री फोन जवळ घेऊन बसायला सांगा. मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर सुटत असेल, तर तिकडे ती दुपार असेल.